टोळी सोडली, आता गावी निघून जाऊ का?

तुमचा प्रश्न मी दोन-तीनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर तुम्हाला सांगता येईल.

तुमचं वय एक्केचाळीस. बाविसाव्या वर्षी एका टोळीत शिरलात, बारा वर्षं वसुली केली, मारामाऱ्या केल्या. मग अटक, चार वर्षं तळोजा कारागृहात. जामिनावर सुटून तीन वर्षं झाली. खुनाच्या प्रयत्नाचा एक आणि खंडणीचा एक, असे दोन खटले अजून चालू आहेत. घणसोलीत भाड्याची खोली आहे, बायको शिवणकाम करते, मुलगी सहावीत आहे, तुम्ही दुसऱ्याचा टेम्पो चालवता. जुन्या पोरांचे फोन येतात, ‘भाई आठवण काढत होता’ म्हणून. गणपती आले, निवडणूक आली की पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. आणि तुम्ही विचारलंय, ‘मी मनाने सगळं सोडलंय, पण ते मला सोडत नाहीत. टेम्पोचं काम सोडून साताऱ्याकडे गावी निघून जाऊ का?’

आत्ता जाऊ नका. खटले संपल्यावर जरूर जा. असं का म्हणते ते सविस्तर सांगते.

मी वकील नाही. ठाणे, कल्याण आणि तळोजा कारागृहातून सुटणाऱ्या माणसांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर मी तेवीस वर्षं काम करते आहे. कायदा मी कोर्टाच्या व्हरांड्यात उभी राहून शिकले, त्यामुळे तुमच्या कागदांबाबत शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचाच. पण तो वकील नेमका कोणाचा, इथूनच मला सुरुवात करायची आहे.

‘मनाने सोडलं’ असं सांगणारा माणूस समोर बसला की मी त्याच्या मनावर शंका घेत नाही. बहुतेक जण खरं बोलत असतात. मी तीन गोष्टी विचारते. वकिलाची फी कोण देतं? जामीनदार कोण राहिलाय? तुम्ही आत होतात तेव्हा घरी पैसे कोण पोचवत होतं? या तिन्हींचं उत्तर ‘भाई’ असेल, तर मन कितीही बदललेलं असो, तुमची दोरी अजून त्यांच्याच हातात आहे. तुम्ही या तिन्हींबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

पोरगा पकडला गेला की आठवड्याच्या आत घरी कोणीतरी पाकीट घेऊन येतं. किराणा भरला जातो, पोरांची फी भरली जाते. कोर्टात वकील आपोआप उभा राहतो, आत मनीऑर्डर येते, कॅन्टीन चालू राहतं. ‘भाई पोरांना वाऱ्यावर सोडत नाही’ ही ख्याती टोळीला फार लागते, कारण नवी पोरं त्याच भरवशावर येतात. तुमच्या बायकोने ते पाकीट घेतलं असेल तर तिला दोष देऊ नका. चार वर्षांची मुलगी कडेवर घेऊन कारागृहाबाहेर भेटीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईने दुसरं काय करायचं होतं? पण त्या प्रत्येक रुपयाचा हिशेब तिकडे कोणाच्या तरी डोक्यात पक्का असतो. सुटून आल्यावर कोणी लगेच मागत नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी फोन येतो. मागणंही किरकोळ असतं. एक पिशवी रात्रीपुरती ठेव. टेम्पोतून दोन खोकी पोचव. तुझ्या नावावर एक सिम काढून दे. एका पोराला दोन दिवस खोलीवर झोपू दे.

हे किरकोळ काम तुम्हाला कुठे नेऊ शकतं ते नीट समजून घ्या. महाराष्ट्रात १९९९ पासून मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आहे. तो लावताना गेल्या १० वर्षांत त्या टोळीवर एकाहून जास्त आरोपपत्रं दाखल होऊन कोर्टाने त्यांची दखल घेतलेली आहे का, हे पाहिलं जातं. आरोपपत्रं टोळीवरची मोजतात, प्रत्येक आरोपपत्रात तुमचं नाव असायलाच हवं असं नाही. टोळीचा सदस्य असणं किंवा टोळीच्या माणसाला आसरा देणं, दोन्हींना किमान ५ वर्षांची शिक्षा आणि किमान ५ लाखांचा दंड आहे. टोळीच्या पैशातून आलेली मालमत्ता बाळगली तर किमान ३ वर्षं. जामीन मिळणं महाकठीण. म्हणजे ती पिशवी, ते सिम, ते दोन दिवसांचं झोपणं तुम्हाला पुन्हा आत घालवायला पुरेसं होऊ शकतं, आणि या वेळी मुलगी सहावीत आहे. भाईने कधी खोली किंवा गाडी तुमच्या नावावर केली असेल तर तेही वकिलाच्या कानावर घाला. तो मोबदला समजून सांभाळत बसू नका.

म्हणून पहिलं काम, वकील बदला.

एका वकिलाने पाच-सहा आरोपींचं वकीलपत्र घेतलेलं असतं आणि फी एकाच खिशातून येते. तो वकील वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तुमचं हित आणि भाईचं हित वेगळं झालं आहे, आणि त्याला ते माहीत नाही. साक्षीदार कंटाळावेत, कोणी गाव सोडून जावं, म्हणून तारखा लांबल्या तर ते भाईच्या सोयीचं असतं. तुम्हाला मात्र खटला संपलेला हवा आहे. निकाल कसाही लागो, तो लागायला हवा आहे. स्वतंत्र वकील असेल तर तो तुमच्यापुरतं बोलेल, तुमचा सहभाग किती होता आणि किती नव्हता ते वेगळं मांडेल, खटला लवकर चालवा असा अर्ज देईल. गुन्हे २०२४ च्या आधीचे असल्यामुळे तुमच्यावरची कलमं जुन्या भारतीय दंड संहितेचीच राहतील. नव्या कायद्याने आपलं काय होणार म्हणून घाबरवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

पैसे नाहीत हे मला कळतं. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीतल्या माणसाला, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्याला उत्पन्नाची अटही नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय आहे, १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते. मोफत वकील म्हणजे कामचलाऊ वकील, असा समज कारागृहात फार पसरलेला आहे. मी तिथे मन लावून लढणारे वकील पाहिलेत आणि टंगळमंगळ करणारेही पाहिलेत, फी घेणाऱ्यांत दिसतात तसेच. जुन्या वकिलाकडून ना हरकत घ्या. तो देत नसेल तर नव्या वकिलाला कोर्टाला तसं सांगून परवानगी मागता येते.

जामीनदाराचंही तसंच. तो भाईचा माणूस असेल तर बायकोचा भाऊ, चुलता, एखादा जुना शेजारी, पगाराची पावती किंवा सातबारा असलेला कोणीतरी शोधा. मात्र क्रम चुकवू नका. नवा जामीनदार कागदपत्रांसह तयार ठेवायचा आणि मगच जुन्याला मोकळं करण्याचा अर्ज करायचा. आधी जुना काढून घेतला आणि नवा उभा राहिला नाही, तर तुमची रवानगी पुन्हा आत होते.

तारखेच्या दिवसाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण माणसं परत ओढली जातात ती मला इथेच सगळ्यात जास्त दिसली आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी सगळे सहआरोपी एकाच व्हरांड्यात उभे असतात. टोळीची ही हक्काची भेट असते आणि ती कोर्टानेच ठरवून दिलेली असते. कोणी गाडीतून आणतं, तारीख पडते, मग ‘चल, चहा घेऊ’. त्या चहावर निरोप दिले जातात, जुने किस्से निघतात, कोण कोणाला जड झालाय याची चर्चा होते. घरी तुम्ही टेम्पो चालवणारा माणूस असता आणि तिथे अर्ध्या तासासाठी पुन्हा कोणीतरी असता. तो अर्धा तास गोड लागतो, हे मला कित्येकांनी मान खाली घालून सांगितलं आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण सावध राहण्यासारखं नक्की आहे. तारखेला ट्रेनने जा. बायकोला किंवा मेव्हण्याला बरोबर न्या. थेट कोर्टाच्या दालनात जाऊन तुमच्या वकिलाजवळ बसा. कोणी बोललं तर बोला, तोंड फिरवू नका. तारीख पडली की ‘मालक वाट बघतोय, गाडी द्यायचीय’ म्हणून निघा. चहा प्यायचा तर स्टेशनवर उतरल्यावर प्या.

आता भाईला काय सांगायचं? इथे मी सरसकट सल्ला देऊ शकत नाही. तुम्ही टोळीत किती आत होतात यावर बरंच अवलंबून आहे. एखाद्या मोठ्या गोष्टीचे तुम्ही एकमेव साक्षीदार असाल, त्यांचे पैसे, एखादं हत्यार किंवा कागद तुमच्याकडे असेल, किंवा टोळीत आत्ता दोन गट पडून भांडण चालू असेल, तर पुढे लिहिते ते पुरणार नाही. तसं असेल तर कुठेही काही लिहू नका, फोनवर बोलू नका, नव्या वकिलाला समोर बसून सांगा. हत्यार असेल तर खाडीत फेकायची किंवा कोणाकडे द्यायची घाई करू नका. ते कसं जमा करायचं हे वकीलच सांगेल. आणि जुनं एखादं प्रकरण मनात सलत असेल, ज्यात तुमचं नावच आलेलं नाही, तर तेही आधी वकिलाशी. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला कालमर्यादा नसते, त्यामुळे काळाच्या ओघात ते आपोआप मिटलं असं धरून चालू नका.

पण तुम्ही लिहिल्याप्रमाणे वसुलीच्या पातळीवर होतात, मधल्या फळीत, तर माझा अनुभव असा आहे की टोळी दोन प्रकारच्या माणसांना घाबरते. जो अचानक गायब होतो तो, आणि जो येऊन ‘मी आता सुधारलो’ म्हणून जाहीर करतो तो. दोघांबद्दल एकच शंका येते, हा पोलिसांना मिळाला. हळूहळू निरुपयोगी झालेल्या माणसाच्या मागे सहसा कोणी लागत नाही. पाठ दुखते, मालक सुट्टी देत नाही, रात्री गाडी असते, बायको आजारी आहे, कोर्टाने ताकीद दिली आहे, असा माणूस हळूहळू त्यांच्या हिशेबातून गळतो. दर वेळी तेच, त्याच आवाजात सांगायचं. उपदेश करायचा नाही, भांडायचं नाही, उपकार नाकारतोय असंही दाखवायचं नाही. ‘वकिलाचा खर्च तुमच्यावर किती दिवस, मला मोफत मिळतोय’ इतकं पुरतं. नंबर एका दिवसात बदलू नका. फोन उचलणं कमी करा, मग दिवसभर फोन गाडीत पडलेला असतो असं होऊ द्या. या सगळ्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. कंटाळवाणं असतं, पण माझ्या माहितीतली जी माणसं खरंच बाहेर पडली, त्यांतली बहुतेक अशीच पडली.

धमकी आली तर मात्र गप्प बसू नका. तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, रेकॉर्डिंग असेल तर जपा, वकिलामार्फत लेखी तक्रार द्या. साक्ष द्यायची वेळ आली आणि जिवाला धोका असेल, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करायचा, पोलीस धोक्याचा अहवाल देतात आणि त्यावरून संरक्षण ठरतं. नवं नाव, नवं गाव ही तरतूद कागदावर आहे. पण तुमच्यासारख्या प्रकरणात मिळालंच तर घराजवळ गस्त, कोर्टापर्यंत सोबत, एवढीच अपेक्षा ठेवा.

आता कळेल मी गावी जाऊ नका का म्हणाले. एक तर जामिनाची अट. पत्ता बदलायचा, हद्द सोडायची तर कोर्टाला कळवावं लागतं. तारखेला गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदार अडकतो, आणि जामिनावर असताना हजर न राहणं हा वेगळा गुन्हाही आहे. एक चांगला मुलगा, लग्न ठरलेलं होतं त्याचं, कर्जतजवळ मामाकडे जाऊन राहिला आणि ‘पाहिजे आरोपी’ झाला. मूळ खटल्यात पुढे बाकीचे सुटले, हा तेव्हा वॉरंटवर आत होता. दुसरं म्हणजे गाव लपण्याची जागा राहिलेली नाही. कळवा, दिघा, वागळे इस्टेट, किसननगर भागातली अर्धी वस्ती सातारा, कोकण, घाटावरची आहे. तुम्ही एसटीतून उतरायच्या आत इकडे बातमी असते. आणि तिसरं कारण वर आलंच, अचानक गेलेल्या माणसावर दोन्हीकडून संशय येतो.

पोलिसांबद्दल तुमच्या मनात कडवटपणा आहे, तो मी समजू शकते. पण सणासुदीला बोलावणं येणं हा तुमच्याविरुद्धचा डाव समजू नका. रेकॉर्डवर नाव आहे तोवर ते येणारच. कधी नुसती नोटीस असते, कधी चॅप्टर केस असते. म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, आणि सराईत म्हणून नोंद असेल तर ते ३ वर्षांपर्यंतचं असू शकतं. त्या मुदतीत भांडण केलंत तर रक्कम जप्त आणि पुन्हा आत. म्हणून सही करण्याआधी वाचा, प्रत घ्या, तारखेला जा. टाळलंत तर ‘मिळून येत नाही’ असा शेरा पडतो आणि तो शेरा पुढे फार महाग पडतो.

तडीपारीची नोटीस आली तर हातपाय गाळू नका. मुंबई पोलीस कायद्याखाली, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, एक किंवा अधिक जिल्ह्यांतून २ वर्षांपर्यंत हद्दपार करता येतं. पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते आणि तिथेच बरीच माणसं चुकतात. तोंडी ‘साहेब, मी काही करत नाही’ म्हणून येतात. लेखी उत्तर द्या आणि पुरावे जोडा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं आहे की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे आणि फार जुन्या गुन्ह्यांवर ती उभी राहू शकत नाही, आजच्या धोक्याशी जिवंत संबंध दाखवावा लागतो. आदेश झालाच तर ३० दिवसांत राज्य सरकारकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

यासाठी आजपासून एक फाईल करा. टेम्पोच्या मालकाचं पत्र, दर महिन्याच्या पगाराची नोंद, बँकेचं पासबुक, भाडेकरार, मुलीच्या शाळेच्या पावत्या, प्रत्येक कोर्ट तारखेची नोंद, पोलीस ठाण्यात गेल्याची प्रत्येक प्रत. पगार रोख घेत असाल तर खात्यावर घ्यायला लागा. तीन वर्षांची अशी फाईल समोर आली की अधिकारी बदलला तरी तुमची बाजू कागदावर राहते. माझ्या माणसांना मी प्लॅस्टिकची साधी फाईल घेऊन देते. त्यातल्या एकाने ती नऊ वर्षं सांभाळली आहे, अजून दाखवायला आणतो.

एक नाजूक गोष्ट आहे. कधीतरी कोणीतरी तुम्हाला म्हणेल, अधूनमधून माहिती देत जा, त्रास होणार नाही. कोणाचा जीव जाणार आहे असं कळलं तर ते लपवणं पाप आहे, ११२ वर किंवा वकिलामार्फत वरिष्ठांना कळवा. पण नेहमीचा खबरी होऊ नका. खबर मिळवायची तर त्या पोरांत बसावं लागतं. म्हणजे ज्या जागेतून उठायचं ठरवलं तिथेच पुन्हा बसायचं, आणि या वेळी दोन्हीकडून जीव टांगणीला.

कामाचं बोलते. टेम्पोचं काम सोडू नका. रिक्षा-टॅक्सीच्या बॅजला, सुरक्षारक्षकाच्या नोकरीला, मोठ्या कंपनीच्या गेटपासला चारित्र्य पडताळणी लागते आणि खटले चालू असेपर्यंत ती अडणार. छोटा मालवाहू टेम्पो साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालतो, त्यात तुम्ही सचोटीने पोट भरू शकता. कुठे फॉर्ममध्ये ‘गुन्हा दाखल आहे का’ असं विचारलं तर खोटं लिहू नका. लपवलेलं उघड झालं की मूळ गुन्ह्यापेक्षा लपवणंच जास्त अंगाशी येतं.

इथे माझी एक चूक सांगते, कारण तुमच्यापुढेही तो मोह येणार आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका माणसाला बांधकामाच्या साइटवर सुपरवायझरची नोकरी मिळवून दिली. पगार चांगला, मालक सभ्य, मला फार आनंद झाला होता. मालकाला सुपरवायझर नको होता, त्याला ते नाव हवं होतं. रेती-विटांचे पुरवठादार, माथाडीच्या नावाने पैसे मागणारे, शेजारच्या प्लॉटवाले, सगळ्यांना कळावं की इथे हा उभा आहे. आठ महिन्यांत एका पुरवठादाराला मारहाण झाली आणि तो पुन्हा आत गेला. त्याच्या आईने मला विचारलं, ‘ताई, तुम्हाला कळलं नाही?’ मला कळायला हवं होतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, घणसोली, रबाळे, तुर्भे, पुढे पनवेल, उलव्याकडे टोळीचा पैसा गोळीबारातून कमी आणि अशा धंद्यांतून जास्त येतो. कारखान्यांचं भंगार उचलणं, कामगार पुरवणं, बांधकामाला माल टाकणं, पाण्याचे टँकर, प्लॉटची राखण, कर्जाची वसुली, बारमधले बाउन्सर, निवडणुकीतलं बूथ सांभाळणं. कागदावर ही सगळी कामं कायदेशीर असू शकतात, आणि त्यात प्रामाणिक माणसंही आहेत. पण तुमच्याबाबतीत भांडवल तुमची दहशतच असणार. काम घेण्याआधी एकच विचारा, माझं नाव न ऐकलेल्या माणसाने मला याच कामाचा इतकाच पगार दिला असता का? नसता, तर तो जास्तीचा पैसा कशाचा, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे, की ज्याला तुम्ही मारहाण केलीत त्याचा चेहरा झोपेत येतो, आणि जाऊन पाय धरावेसे वाटतात. ती ओळ वाचून मला तुमच्याबद्दल आशा वाटली. तरीही सांगते, जाऊ नका. तो माणूस खटल्यात साक्षीदार आहे. तुम्ही त्याच्या दारात उभे राहिलात तर कायद्याच्या दृष्टीने ते साक्षीदारावर दबाव टाकणं ठरू शकतं, जामीन रद्द होतो. कळव्याचा एक जण दिवाळीत मिठाईचा पुडा घेऊन असाच गेला होता. मनात काहीही वाईट नव्हतं. दार त्या माणसाच्या बायकोने उघडलं आणि ती किंचाळत आत पळाली. सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला ज्याने रक्तबंबाळ केलं होतं, तोच हातात काहीतरी घेऊन दारात उभा होता. तिने मिठाई पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार झाली, आणि ती करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता.

माफी मागितल्याने तुमचं ओझं हलकं होईल, पण त्या घराला भीती पुन्हा जगावी लागेल. म्हणून निकाल लागेपर्यंत थांबा. त्यानंतरही थेट जाऊ नका. मध्यस्थामार्फत विचारून, त्यांची इच्छा असेल तरच, ते म्हणतील तिथे. ते नाही म्हणाले तर तेही मान्य करा. तोवर काय सांगायचं आहे ते वहीत लिहून ठेवा. शाळा फार शिकलो नाही म्हणून संकोच करू नका, अक्षर कोणी तपासणार नाही.

झोपेचंही मनावर घ्या. दाराकडे पाठ करून बसवत नाही, कोणी मागून हाक मारली की हात आपोआप कमरेकडे जातो, मुलीने भांडं पाडलं तरी अंगावर धावून जावंसं वाटतं, हे तुम्ही लिहिलंय. इतकी वर्षं शरीराने जे शिकलं ते ठरवून एका रात्रीत जात नाही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवा. तिथे जाणं म्हणजे वेडा ठरणं नव्हे, खूप माणसं झोप आणि रागासाठी येतात. फोनवरच बोलायचं तर १४४१६ ही सरकारी टेलिमानस सेवा आहे. आणि दारू. तुम्ही ‘कधीतरी’ लिहिलंय. मी पाहिलेली परतीची बहुतेक प्रकरणं संध्याकाळी सातनंतर, कोणाच्या तरी दोन पेगवर सुरू झाली.

मुलीला काय सांगायचं, हेही विचारलंत. सहावीतल्या मुलीला बरंचसं आधीच माहीत असतं. शाळेतून, शेजारातून, चार वर्षं बाबा ‘कामाला बाहेर’ होते त्यावरून. बाहेरच्या कोणी सांगण्याआधी तुम्ही सांगा. मी माणसांना मारत होतो, ते वाईट होतं, त्यासाठी चार वर्षं तुरुंगात होतो आणि अजून कोर्ट चालू आहे, इतक्या साध्या शब्दांत. किस्से सांगू नका. त्यांत नकळत शौर्य शिरतं. ती रागावली, काही दिवस बोलली नाही, तर तिला तेवढं करू द्या.

बाहेरची मदतही घ्या, एकट्याने हे सगळं ओढू नका. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कारागृहातून सुटलेल्यांसोबत काम करतो आहे. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे, म्हणजे महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात, सुटून आलेल्यांसाठी काय मिळू शकतं ते जाऊन विचारा. तुम्हाला अजून शिक्षा झालेली नाही, आत होतात ते कच्चे कैदी म्हणून, त्यामुळे सगळं लागू होईलच असं नाही. बायकोच्या शिवणकामाला बचत गटातून काही उभं राहतं का तेही बघा. घरात तिची कमाई नियमित आली की पाकिटाची गरज आपोआप कमी होते.

हे सगळं एकदम करायला गेलात तर दमाल. पुढची तारीख कधी आहे ते बघा. त्याच्या आत जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवेच्या कार्यालयात आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि दोन्ही आरोपपत्रांच्या प्रती घेऊन जा. प्रती जुन्या वकिलाकडेच असतील तर आत्ता मागू नका, कोर्टातून नक्कल काढता येते. खटल्यांचे नंबर तेवढे लिहून न्या. नवा वकील मिळाला की कळवा, मग जामीनदाराचं बघू. तोवर कोणी पिशवी ठेवायला आणली तर दारातूनच सांगा, घरमालक वर राहतो, तो आत कोणालाच येऊ देत नाही.